गुलाबी तिकीट

दिल्लीतल्या मयूर विहारच्या आमच्या आठवडी बाजारात भाजीवाला पिशवी हातात देण्याआधी मूठभर कोथिंबीर आणि चार हिरव्या मिरच्या वरून टाकतो. सासूबाई तेवढ्यासाठी थांबतात. टोमॅटो किलोमागे वीस रुपयांनी चढले तरी त्या फार घासाघीस करत नाहीत. पण कोथिंबीर पडली नाही, तर घरी येईपर्यंत कपाळावरची आठी जात नाही. मे 2024मध्ये मुंबईतल्या एका मुलानं समाजमाध्यमावर लिहिलं, की अ‍ॅपवर कोथिंबिरीचे पैसे मोजावे लागले म्हणून आईला धक्काच बसला. त्यावर ते किराणा अ‍ॅप चालवणाऱ्या गुरुग्रामच्या ब्लिंकिटनं लगेच भाजीसोबत कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. जुडीची किंमत ती किती! पण मोल पैशांचं नव्हतंच.

एक रुपया आणि शून्य यांच्यात एका रुपयाचंच अंतर असतं, असं गणित सांगतं. मन तसं मानत नाही. क्रिस्टिना शाम्पानिए, नीना मझार आणि डॅन एरिएली यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोन चॉकलेटं विकायला ठेवली होती. एक उंची, 15 सेंटचं. दुसरं साधं, एका सेंटचं. शंभरातल्या 73 जणांनी उंची घेतलं. मग दोन्हींची किंमत एकेका सेंटनं उतरवली. आता उंची 14 सेंटला, साधं फुकट. फरक पूर्वीइतकाच होता, तरी 69 टक्के लोक फुकटच्या चॉकलेटकडे वळले. फुकट वस्तूत काही गमावण्याची भीती नसते, म्हणून ती आहे त्याहून चांगली वाटते, असं याचं एक स्पष्टीकरण आहे. आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात, त्याचाच हा अर्थ, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

दिल्लीत ऑगस्ट 2019पासून महिन्याला 200 युनिटपर्यंतचं वीजबिल शून्य झालं. 201 ते 400 युनिटना अर्धी सवलत, तीही 800 रुपयांपर्यंतच. म्हणजे एका युनिटनं रेघ ओलांडली, की शून्याच्या जागी शेकड्यांचं बिल. महिन्याच्या अखेरीस आमच्या इमारतीत मीटरपाशी बायका वाकून आकडे वाचताना दिसतात. जूनच्या उकाड्यात 190वर आलेला आकडा पाहून कूलर बंद करणारी आई मी पाहिली आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात याच घरात दिवे दिवसाही जळत असतात.

पण शून्याचा खरा अर्थ मला कळला तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंमुळे. त्या त्रिलोकपुरीत राहतात. 29 ऑक्टोबर 2019ला, भाऊबीजेच्या दिवशी, दिल्लीच्या बसमध्ये बायकांचा प्रवास मोफत झाला. कंडक्टर गुलाबी तिकीट द्यायचा आणि त्यामागे दहा रुपये सरकार भरायचं. साध्या बसचं भाडं पाच, दहा, पंधरा रुपये. वातानुकूलितचं दहापासून पंचवीसपर्यंत. यात काय एवढं वाचणार, असं मला वाटायचं, आणि ते मी बोलूनही दाखवलं.

ताईंची बहीण मंगोलपुरीला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. पूर्वी त्या वर्षातून दोनदा, सणालाच जायच्या. आता महिन्यातून एकदा जातात. मी म्हटलं, पैसे वाचतात ना! त्या क्षणभर गप्प राहिल्या. म्हणाल्या, “पैसे की बात नहीं है दीदी. पूछना नहीं पड़ता.”

विचारावं लागत नाही. कमाई त्यांचीच, पण ती घरात गेली की तिच्यातून तीस रुपये काढायला कारण लागायचं. कुठे चाललीस, कशाला, मागच्या महिन्यात तर जाऊन आलीस ना? दहा रुपयांनाही हे प्रश्न होते आणि पाच रुपयांनाही असते. किंमत शून्य झाली तशी ती जाबजबाबाची पायरीच नाहीशी झाली. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर सांगतात, की माणूस मनातल्या मनात पैशांची वेगवेगळी खाती मांडतो: किराण्याचं एक, फीचं एक, औषधाचं एक. बहिणीला भेटण्याचं खातं ताईंच्या घरात कुणी उघडलेलंच नव्हतं. आपल्या किती घरांत ते असतं?

बायकांना फुकटाची सवय लागली, असं बोलणाऱ्यांशी मी आता वाद घालते. बसगाड्या कमी आहेत, थांब्यावर बायका पाहून न थांबणारे चालक आहेत. त्यावर अवश्य बोलावं. पण तिकिटाला हात लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या हिवाळ्यात मंगोलपुरीहून परतताना ताई मध्येच इंडिया गेटजवळ उतरल्या. काम काही नव्हतं. तासभर उन्हात बसल्या, शेंगदाणे खाल्ले आणि पुढची बस धरून घरी आल्या. मला सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला. “घर में किसी को बताया नहीं,” त्या म्हणाल्या आणि भांडी घासायला वळल्या.