म्हशीचे दात पाहतो, मग दवाखाना का नाही?

निकालाचे दिवस आले की आमच्या इच्छापुरात पारावर, बसस्टँडवर एकच विषय असतो, पोरं पुढे काय करणार. परवा देवीच्या टेकडीच्या पायथ्याशी एका ओळखीच्यांनी विचारलं, "साहेब, पोरीला बीडीएसला घालावं का?" मी विचारलं, "तिने दाताचा दवाखाना आतून पाहिलाय का?" ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

तीन वर्षांपूर्वी आमच्याच घरी हा प्रश्न होता. नातीला नीटमध्ये मार्क बरे होते, पण सरकारी एमबीबीएसला पुरतील एवढे नव्हते. मुलगा म्हणे, "एक वर्ष रिपीट कर." सूनबाई म्हणत, "पोरीची जात, वर्ष कशाला घालवता, बीडीएस घ्या." पोरगी गप्प. त्यात आपण पडलो सीमेवरचे. बोलणं मराठी, सोयरे रावेर-मुक्ताईनगरला (आम्ही अजून एदलाबादच म्हणतो), पण दहावी-बारावी बुऱ्हाणपूरची. म्हणजे महाराष्ट्राचा राज्य कोटा बंद. सरकारी म्हटलं की इंदूरचं 1961 सालचं डेंटल कॉलेज, नाहीतर खाजगी आणि कर्ज.

कर्ज म्हटलं की माझ्यातला बँकवाला जागा होतो. 1980 नंतर आयआरडीपीत आम्ही म्हशींसाठी कर्जं दिली. बाजारात जनावरांचे डॉक्टर आधी म्हशीचा जबडा उघडत. दोन दाती, चार दाती, सहा दाती पाहून वय ठरे. मग विमा, कानात बिल्ला, आणि मग कर्ज. काही हजारांच्या म्हशीसाठी एवढी पाहणी. इथे चार वर्षं शिक्षण, वर भर एक वर्ष इंटर्नशिप, लाखोंचा खर्च, आणि पोरीने दवाखाना पाहिला तो फक्त स्वतःची दाढ दुखली तेव्हा!

आपल्याकडे बीडीएसला नीटचा मार्क लागतो, अनुभव कोणी विचारत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथे आधी पदवी, आणि अर्ज करण्याआधी मुलं डेंटिस्टच्या शेजारी उभं राहून काम पाहतात, त्याचे तास अर्जात लिहितात. पूर्वी तर तिथल्या प्रवेश परीक्षेत खडू कोरून दाखवावा लागे, हात चालतो का ते पाहायला. मला हे पटलं. आपल्याकडे सक्ती नाही, पण मनाई कुठे आहे?

बुऱ्हाणपूरला आमच्या माहितीच्या एक डेंटिस्ट मॅडम आहेत. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "येऊ द्या. पण तोंडात हात घालायचा नाही, पेशंटला विचारल्याशिवाय उभं राहायचं नाही, आणि फोन बाहेर." तीनही अटी योग्यच. पंधरा दिवस नात रोज सकाळच्या बसने वीस-बावीस किलोमीटर जायची. दुपारी उन्हातून आली की मी पन्हं द्यायचो आणि विचारायचो, "आज काय पाहिलं?"

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, यात दात कमी आणि समजावणंच जास्त आहे." रूट कॅनॉलला दोन-तीन वेळा यावं लागतं. पहिल्या वेळी ठणका थांबला की माणूस पुढे फिरकतच नाही, आणि दोन महिन्यांनी गाल सुजवून येतो. वरची दाढ काढली की नजर जाते, हे ऐकवणाऱ्या आज्या रोज एक-दोन. पैशाची घासाघीस वेगळीच. प्रत्येक पेशंटनंतर हत्यारं धुवायची, पाकिटात भरायची, ऑटोक्लेव्हमध्ये घालायची, हे काम तर कोणाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. मॅडमची मान संध्याकाळी आखडलेली. ते ऐकून सूनबाईंचा "बसून करायचं सोपं काम" हा शब्द बंद झाला.

एके दिवशी केळीचे घड भरणारा एक पोरगा आला. वय असेल बावीस-तेवीस. तिखट लागलं की तोंडाची आग होते म्हणून आलेला. मॅडमनी तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंही जाईनात. एरवी तीन बोटं सहज जातात. सुपारीने गालाच्या आतली कातडी दोरीसारखी ताठ होते, आणि त्यातून पुढे कॅन्सरही होऊ शकतो. आपल्या मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, देशात पहिली. पण मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, आणि तळहातावर दोन्ही एक! मॅडम त्याच्याशी अर्धा तास बोलल्या. फी घेतली नाही. नात घरी आली ती जेवलीच नाही. रात्री म्हणाली, "आबा, आपल्या गल्लीतल्या पोरांची तोंडं कोण बघतं?"

मला वाटलं होतं, आता ही नको म्हणेल. तिने उलट बापाला सांगितलं, "पप्पा, मी रिपीट करणार नाही. एमबीबीएस मिळालं नाही म्हणून नव्हे, मला हेच पाहिजे." मुलगा दोन दिवस बोलला नाही. मग माझ्याजवळ येऊन बसला, कागद घेऊन. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि वर वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं, हे मी त्याला आकडे मांडून दाखवलं. ते जमलं तर निम्मं भरत जा म्हटलं. पन्नाशीच्या माणसावर असा बोजा टाकताना मलाही बरं वाटत नव्हतं.

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. तिने कोरलेली पहिली दाढ मुलाने देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती. उन्हाळ्यात ती वाकडी झाली, तरी कोणाला हात लावू देत नाही. यंदा नातीला पेशंट पाहायला मिळतात. सुट्टीत आली की अजून मॅडमकडे जाते, आता मॅडम तिला हातमोजे देतात, पण हत्यार हातात धरायला नाही.

ज्यांच्या घरी यंदा पोरगं किंवा पोरगी चॉइस फिलिंगला बसणार आहे, त्यांनी ओळखीच्या डेंटिस्टला नुसतं विचारून पाहा. आम्हाला पंधरा दिवसांचा खर्च आला बसभाडं आणि दोन डझन कैऱ्या.