थांबवता येणारे गुरुजी

राहायला सरांच्या मोबाइलमध्ये, बोलायला टेबलावरच्या ब्लूटूथ स्पीकरमधून. पॉडकास्ट नावाच्या या गुरुजींना स्वतःचं घर नाही, अंग नाही, चेहरा तर नाहीच. हजेरी घेत नाहीत, खडू मागत नाहीत, बदलीच्या यादीत नाव आलं का म्हणून विचारत नाहीत. आदल्या रात्री चार्जिंग झालं पाहिजे, एवढाच हट्ट. आणि वर्गात आले की आधी पंखा बंद करायला लावतात. असोद्यात, म्हणजे जळगावला खेटून असलेल्या गावात, एप्रिल महिन्यात पंखा बंद करायला लावणारा पाहुणा कितपत आवडता होईल, हे खानदेशचा उन्हाळा अंगावर घेतलेल्यालाच विचारावं. तेव्हा त्यांना बोलवायचं तर सकाळच्या शाळेत, पहिल्या तासाला. वर्गावर पत्रे असतील तर भर पावसात बोलवूच नये. पत्र्यावरच्या सरींपुढे भल्याभल्यांचं चालत नाही.

घराणं मात्र जुनं. वाडवडील सगळे रेडिओवाले. जळगावला आकाशवाणी केंद्र आलं ते 1976 साली. त्याच्याही आधीपासून आकाशवाणी शाळांसाठी कार्यक्रम करत आलेली. पण रेडिओचा स्वभाव घाईचा. घंटा उशिरा झाली की धड्याचं तोंड गेलं, लाईट गेली की अख्खा धडाच गेला. तरी 2020 साली शाळांना कुलुपं लागली तेव्हा या म्हाताऱ्यालाच हाक मारावी लागली. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू झाली ती याच्याच भरवशावर. नातवाचं ‘पॉडकास्ट’ हे नाव छापून आलं 2004 मध्ये, एका इंग्रजी वर्तमानपत्रात. त्याच साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांना आयपॉड वाटून टाकले. आपल्याकडे असलं काही वाटलं असतं तर निम्मे लग्नाच्या वरातीत वाजले असते, पण ते असो.

या गुरुजींचा मोठा गुण म्हणजे त्यांना थांबवता येतं. हाडामांसाच्या मास्तरांना भर वाक्यात ‘थांबा’ म्हणायची कुणाची छाती आहे? इथे बोट टेकवलं की गप्प. न समजलेलं पोर ‘मला कळलं नाही’ म्हणायला लाजतं, पण ‘सर, पुन्हा लावा ना’ म्हणायला लाजत नाही, कारण त्यात दोष आवाजाचाही असू शकतो. पाचव्यांदा लावलं तरी गुरुजींचा सूर चढत नाही. थांबण्याची ही किंमत पूर्वी रेडिओवाल्यांनाही कळली होती. 1974 च्या सुमारास निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवायचा प्रयोग झाला. त्यात निवेदक प्रश्न विचारून मुद्दाम गप्प बसे आणि तेवढ्या वेळात मुलं मोठ्याने उत्तर देत. पण ती जागा किती सेकंदांची, हे दूर कुठेतरी आधीच ठरलेलं. इथे ती सरांच्या हातात आहे. शेवटच्या बाकावरचा आठवेपर्यंत वर्ग थांबू शकतो.

अर्थात सरांचं बोट तिथे हवं. पुष्कळदा होतं असं, की वीस मिनिटांची फाइल लावून सर ऑनलाइन माहिती भरायला बसतात. चौथ्या मिनिटाला पोरांची मान खिडकीकडे वळते. गुरुजींना डोळे नाहीत. अर्धा वर्ग हातचा गेला तरी हे आपले उत्साहात बोलतच असतात. तीन मिनिटं ऐकायचं, थांबायचं, विचारायचं, वहीत दोन ओळी लिहायच्या, मग पुढे: एवढं केलं तरच त्यांना बोलावण्यात अर्थ. आणि वर्गात कमी ऐकू येणारं एखादं मूल असेल तर सगळा मजकूर आधी कागदावर त्याच्या हातात द्यायचा. नाहीतर त्याच्यापुरता तो तास म्हणजे नुसता बंद पंखा.

माझं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून आहे. गुरुजी बोलतात छान, पण पुण्याचं. ‘जळगाव’ म्हणताना त्यांचा ळ खणखणीत. इथल्या आज्या ‘जयगाव’ म्हणतात. आणि हे कुठे, तर असोद्यात! बहिणाबाई चौधरी 1880 साली इथे जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात गाणी रचत गेल्या, तीही लेवा बोलीत. मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ यांनी ऐकलेली उतरवून घेतली म्हणून ती उरली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेतला आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. शब्द वाचले. चाल, दम, मध्येच घेतलेला श्वास कागदाला धरता आला नाही. ज्या गावची कविता तोंडातून कानात गेली, तिथल्या पोरांनी ऐकायचं तेवढं बाहेरून मागवायचं, हे मला पटत नाही.

म्हणून या गुरुजींना अधूनमधून विद्यार्थी करावं. मोबाइल तोच, फक्त तोंड घराकडे फिरवायचं आणि पोरांनी आपल्याच आजीचं रेकॉर्डिंग करायचं. आजी आधी म्हणेल, ‘मले काय येतं बोलता?’ तिला भाषण करायला सांगायचंच नाही. भरीत करायला सांगायचं. असोद्याच्या भरिताला तोंडी परीक्षेची गरज नाही, पण ते ऐकण्यासारखं आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. काड्यांचा जाळ तडतडतो, वांग्याची साल फुटते, त्यातून वाफ सुसकारते. मग भरीत कुटायच्या बडगीत मुसळ पडतं. आधी आवाज ओला, जड, आणि गर एकजीव होत गेला की बदलतो. त्या बदलाकडे कान देऊन आजीचा हात थांबतो. पुस्तकात याला ‘वांगी भाजून कुटावीत’ एवढंच लिहिलेलं असतं. पाचवीतल्या पोराला हे पाच मिनिटांत बसवायचं तर काय ठेवू, काय कापू, आधी कुठला प्रश्न विचारू, हे सगळं ठरवावं लागतं. निबंधाच्या तासाला वर्षभर घोकूनही न येणारी गोष्ट इथे कात्री चालवताना येते. मागे कुत्रं भुंकलं, शेजारची मोटार सुरू झाली, तर ते राहू द्यावं. आजीने मात्र ‘हे नको ठेवू रे’ म्हटलं तर ते काढायचं, आणि तिला विचारल्याशिवाय फाइल कुठल्याही ग्रुपवर टाकायची नाही. हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहावा.

आजीचा होकार मिळाला की ती फाइल पुढे शेजारच्या भादलीच्या शाळेत पाठवावी. तिथल्या एखाद्या पोराला त्यात चूक सापडेलच: मिरची आमच्याकडे अशी नाही कुटत, शेंगदाणे आधी नाही घालत. मग तेही आपल्या आजीला पकडून रेकॉर्डिंग करेल आणि उलट पाठवेल. दोन शाळांचं भांडण लागू द्यावं. सरांनी मध्ये पडू नये. फार तर दोन्ही आज्यांना एका शनिवारी जेवायलाच बोलवावं.