पांढऱ्या भिंतीवरचं चिलट

धाकटी डहाणूचे एक काका तपासणीच्या खोलीत आले ते तोंडासमोर हात हलवतच. वय पासष्टच्या आसपास, उभं आयुष्य होडीवर गेलेलं. "बाई, हे चिलट आठ दिवस पाठ सोडत नाही. होडीवर येतं, घरात येतं, मच्छरदाणीत पण येतं." मी त्यांना समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघायला सांगितलं. त्यांनी लगेच बोट रोखलं, "ते काय, तिथे!" भिंत कोरी होती. चिलट त्यांच्या डोळ्याच्या आत होतं.

ही तक्रार घेऊन माझ्याकडे रोज कुणी ना कुणी येतं. आम्ही डॉक्टर तिला फ्लोटर्स म्हणतो, पण पेशंटचे शब्द जास्त नेमके असतात. कुणी चिलट म्हणतं, कुणी केस, कुणी कोळिष्टक, कुणी 'दोऱ्याचा तुकडा तरंगतोय' म्हणतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात दृष्टीच्या विकारांचं वर्णन करताना माशा, डास, केस आणि जाळी दिसतात असं म्हटलं आहे. युरोपातल्या वैद्यांनी लॅटिनमध्ये याला नाव दिलं तेही 'उडत्या माशा' असंच. माणसाच्या डोळ्यापुढे तेव्हाही हेच तरंगत होतं.

डोळ्याच्या आतली सर्वांत मोठी जागा व्हिट्रिअस नावाच्या पारदर्शक गराने भरलेली असते. आमच्या किनाऱ्यावर तो समजावणं सोपं आहे, कारण इथे सगळ्यांनी ताडगोळा खाल्लेला असतो. कोवळ्या ताडगोळ्याचा थरथरणारा, काचेसारखा गर आणि त्याच्या पोटातलं चमचाभर पाणी. डोळ्यातला गर सुमारे चार मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. त्यात जवळजवळ सगळं पाणीच, आणि त्या पाण्याला आकार देणारे कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतू. लहानपणी हा गर एकसंध असतो. वय वाढतं तशी त्याच्या पोटात पाण्याची तळी होतात, तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात. प्रकाश आत आला की या पुंजक्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. दिसते ती सावली. म्हणून ती निळ्या आकाशावर, समुद्राच्या चमकत्या पाण्यावर, चुन्याच्या भिंतीवर उठून दिसते आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरात नाहीशी होते. लख्ख उजेडात बाहुली लहान होते, त्यामुळे सावलीची कडही ठळक होते. घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवणारी माणसं दिवसभर मान वर करून पानांमधून आकाशाकडे बघतात. त्यांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त जाणवतो, त्याचं कारण हेच. चिकूचा किंवा त्याच्या चिकाचा त्यात दोष नाही, हे मला वारंवार सांगावं लागतं.

धरायला गेलं की ते पळतं, ही दुसरी तक्रार. तो पुंजका डोळ्यातच असल्यामुळे डोळा वळला की तोही वळतो, फक्त गरातून हेलकावत, जरा मागून. त्याच्यावर नजर रोखणं शक्यच नसतं.

गंजाडकडच्या एका वारली चित्रकाराची आठवण इथे सांगायलाच हवी. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र जगभर नेलं, त्याच भागातला हा माणूस. त्याला जे दिसत होतं ते शब्दांत सांगता येईना. मी केसपेपर उलटा करून पेन हातात दिला. त्याने एक वर्तुळ काढलं, पुरतं न मिटलेलं, आणि त्याला जोडून एक वळत गेलेली शेपटी. तारपा वाजवणाऱ्याभोवती हात धरून फेर धरणाऱ्यांची रांग असते ना, तसंच. मला लेन्स लावण्याआधीच निदान कळलं होतं. व्हिट्रिअसचा गर मागच्या बाजूला दृष्टिचेतेच्या मुखाभोवती गोलाकार चिकटलेला असतो. साधारण पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान बहुतेकांच्या डोळ्यात हा गर आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. सुटताना ती गोल चिकटपट्टी आपल्याबरोबर घेऊन येतो. तिला वाइसचं कडं म्हणतात. त्याने कागदावर काढलं होतं ते हे कडं. ज्यांच्या चष्म्याचा उणे नंबर मोठा आहे त्यांच्यात गर लवकर सुटतो, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही लवकर सुटतो. सुटणं हा रोग नाही, केस पांढरे होण्यासारखा तो वयाचा भाग आहे.

माझ्या उजव्या डोळ्यातला गर मी चौपन्न वर्षांची असताना सुटला. बोर्डीच्या किनाऱ्यावर सकाळी चालत होते. ओहोटी लागली होती, ओल्या वाळूवर ऊन पसरलं होतं आणि एकाएकी एक काळं कडं माझ्याबरोबर चालू लागलं. मला सगळं माहीत होतं. त्याच दिवशी बाहुली मोठी करून सहकाऱ्याकडून पडदा तपासून घेतला, पडदा शाबूत होता. तरीही पुढचे तीन आठवडे मी वाचू शकले नाही. ओळ सुरू केली की कडं यायचं, आणि मी ओळ सोडून त्याच्यामागे जायचे. रात्री पंख्याकडे बघताना, पेशंटच्या डोळ्यात बघताना, भाकरी थापताना मी ते शोधत असे. तोवर मी शेकडो लोकांना 'काही नाही, सवय होईल' असं दोन वाक्यांत सांगून बाहेर पाठवलं होतं. ती दोन वाक्यं किती अपुरी होती ते तेव्हा कळलं. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी लक्षात आलं की आज दिवसभर ते कडं दिसलंच नाही. पांढऱ्या भिंतीकडे बघितलं, तर होतं तिथेच.

ही सवय नेमकी कशी होते हे पेशंटला समजावून सांगितलं की अर्धी भीती जाते, असा माझा अनुभव आहे. आपल्या पडद्याच्या समोरच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्याची सावली जन्मापासून प्रत्येक क्षणी पडद्यावर पडते. तरीही ती आपल्याला दिसत नाही, कारण ती जागची हलत नाही आणि जे हलत नाही ते मेंदू चित्रातून वगळतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने 1819 साली डोळ्यापुढे दिवा हलवून ही सावली स्वतःला दाखवून दिली होती. दिवा हलला म्हणून सावली हलली, आणि सावली हलली म्हणून दिसली. चिलट हलतं, म्हणून मेंदू त्याची दखल घेतो. पण तेच चिलट रोज, त्याच आकाराचं, काहीही इजा न करता येत राहिलं की मेंदू हळूहळू त्यालाही वगळायला शिकतो. शिवाय महिन्या-दोन महिन्यांत बरेच पुंजके खाली, नजरेच्या वाटेबाहेर जाऊन बसतात. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला सहा महिने.

त्या काळात काय करावं? रोज उठल्यावर भिंतीकडे बघून ते आहे का हे तपासणं आधी बंद करावं. ही तपासणी मीही करत होते, आणि तिनेच माझे दोन महिने वाढवले असं मला वाटतं. उन्हात गडद चष्मा आणि टोपी. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी स्क्रीनची पार्श्वभूमी काळी किंवा करडी करावी, उजेड कमी ठेवावा. वाचताना पुंजका अक्षरांवर आलाच तर डोळे एकदा वर, एकदा खाली फिरवावे. गर ढवळला जातो आणि पुंजका बाजूला होतो. डोळ्यात मध, गुलाबपाणी, कुठल्या पाल्याचा रस घालू नये. या चिलटांवर थेंबांचं कुठलंही औषध नाही. औषधाच्या दुकानातून न विचारता घेतलेले थेंब तर कधीच घालू नयेत, त्यातल्या स्टेरॉइडने काचबिंदू होऊ शकतो.

हे सगळं झालं तपासणीनंतरचं. 'सवय करून घ्या' हा सल्ला तपासणीआधी दिला, तर तो माणसाला आंधळं करू शकतो. माझ्या हातून हे एकदा झालं आहे. प्रॅक्टिसची सुरुवातीची वर्षं होती. सायवनकडची एक शिक्षिका संध्याकाळी आली, दोन दिवसांपासून काळे ठिपके दिसत होते. बाहुली मोठी करायला अर्धा तास लागतो आणि पुढचे चार-पाच तास नजर धूसर राहते. तिची शेवटची एसटी सुटणार होती. ती म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी करू." मीही लहान बाहुलीतूनच पाहिलं, मधला भाग चांगला दिसला, आणि तिला जाऊ दिलं. तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा त्या डोळ्यापुढे अर्ध्यापर्यंत काळी सावली उतरली होती. पडद्याच्या कडेला भोक होतं, जे लहान बाहुलीतून दिसणं शक्यच नव्हतं. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, पडदा बसला, पण त्या डोळ्याने तिला पुन्हा वहीतली अक्षरं वाचता आली नाहीत. तेव्हापासून शेवटची एसटी चुकली तरी चालेल, पण बाहुली मोठी केल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

गर सुटताना बहुतेक वेळा अलगद सुटतो. पण कुठे घट्ट चिकटलेला असेल तर पडद्याला ओढतो आणि फाडतो. अचानक चिलटं किंवा चमका दिसू लागल्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे आलेल्या, गर सुटलेल्या रुग्णांत साधारण सातातल्या एकाच्या पडद्याला भोक सापडतं. भोक त्याच वेळी सापडलं तर त्याच्याभोवती लेझरने कडं डागून पडदा जागेवर धरता येतो. ते पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, भरती व्हावं लागत नाही. भोकातून पाणी मागे शिरून पडदा उचलला गेला की मोठी शस्त्रक्रिया लागते.

2018च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. त्या थंडीत अनेक कुटुंबं घराबाहेर, तंबूत झोपत होती. तेव्हा धुंदलवाडीकडचा एक माणूस आला आणि म्हणाला, रात्री तंबूत पडलं की डाव्या कोपऱ्यात वीज चमकते, पण आभाळ कोरडं असतं. त्याच्या घरच्यांना वाटलं, धक्क्यांची भीती डोक्यात बसली आहे. ती वीज त्याच्या पडद्यावर चमकत होती. गर पडद्याला ओढतो तेव्हा पडद्याला प्रकाशाशिवाय दुसरी भाषा येत नाही, म्हणून अंधारात डोळा वळवला की कडेला झगमग होते. त्याच्या पडद्याला नालाच्या आकाराची फट होती. लेझर वेळेवर झालं. आजही तो दोन्ही डोळ्यांनी बघतो.

आमच्या भागाला आणखी एक धोका आहे, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. इथल्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी पडद्याच्या कडेच्या बारीक वाहिन्या बुजवतात, मग तिथे नव्या, ठिसूळ वाहिन्या उगवतात. त्यांचा आकार समुद्रातल्या पंखाकृती पोवळ्यासारखा असतो, आणि त्या फुटल्या की गरात रक्त उतरतं. मधुमेहातही असंच रक्त उतरतं. अशा पेशंटला एक-दोन चिलटं दिसत नाहीत, काजळी उधळल्यासारखे असंख्य ठिपके किंवा लालसर धुकं दिसतं. सिकलसेलचं कार्ड असलेल्या तरुणांच्या डोळ्यांची वर्षातून एकदा बाहुली मोठी करून तपासणी व्हायलाच हवी. हे कार्ड बघितलं की मी तेवढं सांगितल्याशिवाय राहत नाही.

चिलटं काढता येतात का, हा प्रश्न हमखास येतो. येतात. रॉबर्ट माखेमर यांनी 1970 साली अमेरिकेत डोळ्याच्या बाजूने बारीक उपकरण घालून गर काढण्याची शस्त्रक्रिया केली, आणि आज ती फार सुबक झाली आहे. पण तिच्यानंतर मोतीबिंदू लवकर येतो, क्वचित पडदा सुटतो, त्याहून क्वचित जंतुसंसर्ग होऊन डोळाही जातो. लेझरने पुंजका फोडण्याचीही पद्धत आहे, ती निवडक पेशंटलाच उपयोगी पडते. ज्याचा पडदा शाबूत आहे आणि ज्याला काम करता येतं, त्याने निव्वळ चिलटासाठी डोळा उघडू नये, असं माझं मत आहे. वर्ष उलटूनही ज्याला वाचता येत नाही, गाडी चालवता येत नाही, त्याची गोष्ट वेगळी, त्याने पडद्याच्या तज्ज्ञाशी जरूर बोलावं.

धाकटी डहाणूच्या काकांचा पडदा तपासला. भोक नव्हतं. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, कारण नवी फट कधीकधी मागाहून पडते. तेव्हाही पडदा ठीक होता. आता ते चिलटावर हात मारत नाहीत.

हा दिवाळी अंक तुमच्या हाती असेल तेव्हा घरोघरी दिवे लागलेले असतील. एवढ्यात तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या डोळ्यापुढे नवी चिलटं आली, कोपऱ्यात वीज चमकली किंवा कडेने सावली सरकू लागली, तर भाऊबीज होऊ दे मग बघू, असं म्हणू नका. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि 'बाहुली मोठी करून पडदा बघा' असं स्वतःहून सांगा. मोटरसायकल घरी ठेवा आणि कुणाला तरी सोबत न्या, कारण परत येताना चार-पाच तास धूसर दिसेल.