बीपी मोजताना मनगट कुठे होतं?

"डॉक्टर, मनगटाच्या मशीनवर १४८ आलं. गोळी वाढवू का?" असे फोन मला नेहमी येतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोजताना हात कुठे होता? बहुतेकांचा मांडीवर असतो.

एवढ्याने काय फरक पडतो, असं वाटेल. आपल्या नळदुर्गचा पाणीमहाल तुम्ही पाहिला असेलच. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घातला आणि त्याच्या पोटात हा महाल ठेवला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला आपण सगळेच जातो, पण डॉक्टर म्हणून माझं लक्ष भिंतीकडे जातं. पाणी वर भिंतीला हळू रेटतं, तळाशी जोरात. मागे पाणी किती लांबवर पसरलंय याचा त्या दाबाशी संबंध नाही. वर किती उंच पाणी उभं आहे, एवढंच मोजायचं. गच्चीवरच्या टाकीचंही तेच. खालच्या मजल्यावर नळाला धार जोरात, वरच्या मजल्यावर करंगळीएवढी.

रक्तही द्रवच. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आणि रक्त पाण्यापेक्षा किंचित जड. हिशोब केला तर मशीन हृदयापेक्षा १० सेंमी खाली गेलं की आकडा ७-८ ने वाढतो. मनगट मांडीवर म्हणजे हृदयापासून वीतभर तरी खाली, म्हणजे पंधराएक आकडे फुकटचे. १३३ चे १४८ होतात ते असे. हात डोक्याच्या वर धरला तर उलट होईल, आणि खरं वाढलेलं बीपी लपून जाईल. ते जास्त वाईट.

दिवसभर उभं राहणाऱ्यांचे पाय संध्याकाळी जड होतात, त्यामागेही हाच उंच स्तंभ असतो. चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलतात, नुसतं उभं राहिल्यावर नाही. मात्र एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर ते वेगळं प्रकरण, लगेच दाखवा.

तर पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर. मनगट छातीच्या मध्याच्या पातळीला येईल असं उशीवर ठेवा. दंडाचं मशीन असेल तर पट्टा त्याच पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, वहीत लिहा आणि ती वही घेऊन या. हे वाचून चालू गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि १८०/१२० च्या वर आकडा असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर उशी शोधत बसू नका, थेट दवाखाना गाठा.