उतरत्या जमिनीवरील चौघे

अमेरिकेतील मेम्फिस नगरात मॅकलेमोर मार्गावर एक जुने चित्रपटगृह होते. १९६० साली तेथे ध्वनिमुद्रणगृह थाटण्यात आले. खुर्च्या काढल्या, उतरती जमीन मात्र तशीच राहिली. येथेच १९६२ साली चार वादकांनी ‘ग्रीन ओनियन्स’ ही शब्दविरहित धून वाजविली. ऑर्गनवर बसलेला बुकर टी. जोन्स अवघा सतरा वर्षांचा होता. तो, ड्रमवादक अल जॅक्सन व बासवादक लुई स्टाइनबर्ग हे कृष्णवर्णीय. गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर गोरा. पुढे स्टाइनबर्गच्या जागी डोनाल्ड डन आला, तेव्हा दोन काळे व दोन गोरे झाले. ओटिस रेडिंगसारख्या ‘सोल’ गायकांना याच चौघांची साथ असे.

परंतु दाराबाहेर वर्णभेद एवढा कडक, की त्यांनी एका मेजावर जेवणे दुरापास्त. (पंगतीत कोणी कोठे बसावे, हे वाद आपणांसही अपरिचित नाहीत!) एकत्र बसता येई ते लॉरेन मोटेल या कृष्णवर्णीयांच्या विश्रामगृहात. तेथील एका खोलीत क्रॉपरने गायक विल्सन पिकेटसमवेत गीते रचली. त्याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांचा गोळी घालून वध झाला.

ध्वनिमुद्रणगृह १९८९ साली पाडले गेले. २००३ साली त्या जागी संग्रहालय उघडले. बांधणाऱ्यांनी जमिनीचा उतारही पूर्ववत ठेवला आहे.