सव्वीस आट्यांची सायकल

जुन्या सायकलींच्या नादाला लागलेल्या माणसाला दोन आकडे पाठ असावे लागतात. २४ आणि २६. हे आटे आहेत, नट-बोल्टवर असतात तसे. दोन्ही क्रँकना जोडणारा ॲक्सल ज्या कपांमध्ये बसतो, त्या कपांवर एका इंचात किती आटे आहेत यावर तुमची पुढची सहा महिन्यांची दिशा ठरते. ब्रिटनमधल्या बाकीच्या बहुतेक कंपन्या २४ आटे पाडायच्या. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपले वेगळे २६ ठेवले. २४चा कप २६च्या फ्रेममध्ये एक-दीड फेरा जातो आणि अडकतो. तिथे थांबलात तर ठीक. पान्याला जोर लावलात तर फ्रेमचे आटे जातात आणि मग त्या फ्रेममध्ये काहीच बसत नाही.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात. गिऱ्हाइकाला आपल्याशिवाय दुसरीकडे जाताच येऊ नये, अशी व्यवस्था. रॅलेला ते क्लाऊडच्या कितीतरी आधी जमलं होतं.

माझी फ्रेम रॅलेचीच निघाली. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी पंख्याच्या पात्यांखाली पडलेली दिसली. नुसती फ्रेम आणि चिमटा. चाकं नाहीत, सीट नाही, क्रँक नाही. गंजाखाली काळा रंग अजून शाबूत होता आणि पुढच्या नळीवर बगळ्याच्या बिल्ल्याची दोन भोकं होती. बिल्ला कुणीतरी आधीच काढून नेला होता. ती फ्रेम पुन्हा रस्त्यावर यायला चौदा महिने लागले.

*

ही सायकल तुम्ही पाहिलेली आहे. दूधवाल्याची, पोस्टमनची, गॅसची टाकी लटकवून नेणाऱ्या माणसाची. उंच, काळी, तारेऐवजी सळईचे ब्रेक असलेली. तिचा साचा मूळचा इंग्लिश रोडस्टरचा. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कारखाने आले. १९४९मध्ये मद्रासला हर्क्युलिस बनवणारी टीआय सायकल्स, १९५१मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६मध्ये लुधियानाला हीरो. साचा फारसा बदलला नाही. त्याच २८ इंची रिम, पुढे ३२ तारा, मागे ४०.

याचा एक मजेशीर परिणाम असा की इंग्लंड-अमेरिकेत ज्यांच्याकडे अशा जुन्या सायकली आहेत, ते २८ बाय दीडच्या टायरसाठी वणवण करतात आणि आपल्याकडे तो टायर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात खुंटीवर टांगलेला असतो. आपण ज्याला हौस म्हणून जपतोय, ती गोष्ट इथे अजून पूर्ण मेलेलीच नाही. पण मरायला लागली आहे. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२०ला थांबला. तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

लोक विचारतात, स्टीलच का? कार्बनची सायकल हलकी असते, ॲल्युमिनियमची गंजत नाही. दोन्ही खरं. पण जुन्या स्टीलच्या फ्रेमच्या नळ्या लग नावाच्या सांध्यांमध्ये घालून पितळेने झाळलेल्या असतात. नळी वाकली, चिमटा तिरका झाला, तर गॅसचा बर्नर आणि नजर असलेला माणूस ती सरळ करू शकतो. गरज पडली तर नळी बदलूही शकतो. ही वस्तू दुरुस्त होणार असं धरूनच बनवलेली आहे. माझा फोन आणि माझा लॅपटॉप बनवणाऱ्यांनी असं काही धरलेलं नाही.

*

दुरुस्त करणारा माणूस मात्र लागतो. माझा मिस्त्री सत्तरीला टेकलेला आहे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा, हवा भरायचा पंप आणि टायरच्या रिंगणात मांडलेले पाने. पहिल्यांदा फ्रेम नेली तेव्हा त्याने ती उलटी करून पाहिली, विचारलं, "काय करतोस?"

"इंजिनिअर आहे, काका."

"मग कॉटर ठोकून दाखव."

कॉटर म्हणजे क्रँक ॲक्सलला पक्का बसवणारी पाचर. साडेनऊ मिलिमीटर जाडीची, एका बाजूने तिरकी घासलेली. ही घासलेली बाजू ॲक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकली पाहिजे. अर्धवट टेकली तर पहिल्या चढावर क्रँक कटकट करायला लागतो आणि आठवड्याभरात डुलायला लागतो. म्हणून आधी कानस. दोन हात मारायचे, घालून बघायचं, काढायचं, पुन्हा दोन हात. मग क्रँकखाली लोखंडी पाइपचा तुकडा उभा लावायचा, म्हणजे हातोडीचा मार बेअरिंगच्या छऱ्यांवर न जाता जमिनीत जातो. नटने ओढून कॉटर बसवायची नसते. नट फक्त ती परत बाहेर येऊ नये म्हणून.

हे सगळं काका बोलून सांगत नाही. तो करतो आणि आपण बघायचं. मी दोन रविवार नुसता बघत बसलो. तिसऱ्या रविवारी त्याने हातोडी माझ्याकडे दिली. त्याच्याकडे शिकायला आणखी कुणी येत नाही. मुलगा कुरिअर कंपनीत आहे. "सायकलवरच जातो का?" मी विचारलं. "बाइकवर," काका म्हणाला आणि चाकाचा आउट काढायला लागला.

*

सगळं जमत आलं, फक्त मागचं हब राहिलं. मला स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं हवं होतं. रॅलेच्या सायकलींवर तेच येत असे. स्टर्मी-आर्चर कंपनी १९०२मध्ये नॉटिंगहॅमलाच सुरू झाली. तिचं ए.डब्ल्यू. नावाचं हब १९३०च्या दशकात आलं आणि पुढे कित्येक दशकं जवळपास तसंच बनत राहिलं. कंपनी २०००मध्ये तैवानच्या सनरेसने घेतली.

बाहेरून ते नुसतं जाडसर हब दिसतं. आत मधोमध २० दात्यांचं चाक ॲक्सलवरच कोरलेलं. ते फिरत नाही. त्याच्याभोवती २० दात्यांची चार छोटी चाकं आणि सगळ्यांना वेढणारी ६० दात्यांची रिंग. चेनने छोट्या चाकांचा पिंजरा फिरवला आणि मागचं चाक रिंगला जोडलं, तर तीन फेऱ्यांत चाकाचे चार फेरे होतात. हा वरचा गिअर. जोडणी उलटी केली की चार फेऱ्यांत तीन. हा चढाचा. मधला गिअर सरळ, एकास एक. हे सगळं बदलायला पोकळ ॲक्सलमधून जाणारी बोटभर साखळी पुरते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हाच विषय मी पाठ करून पास झालो होतो. हब उघडून टेबलावर मांडल्यावर तो पहिल्यांदा दिसला.

आणि त्या हबच्या कवचावर सालाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. सायकलचं वय कळायचा तो सोपा मार्ग. त्यामुळेच त्या हबांचा बाजार आहे.

*

या बाजाराबद्दल बोललं पाहिजे. आमची दहा-बारा जणांची टोळी आहे. एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक फॅब्रिकेशनवाला, बाकी माझ्यासारखे. पैशांपेक्षा अदलाबदल जास्त चालते. डायनामो देऊन मडगार्डची जोडी, पितळी घंटी देऊन चेनकव्हर. दोन पक्ष आहेत. एक घासून, निकल चढवून, नवा रंग देऊन सायकल शोरूममधून आल्यासारखी करणाऱ्यांचा. दुसरा गंजासकट जशी आहे तशी ठेवणाऱ्यांचा. यावरून भांडणं होतात, चहा झाला की मिटतात.

एका गोष्टीवर एकमत आहे. पूर्ण सायकल फोडायची नाही. फ्रेम गेली असेल तर भाग काढा. पण चालू, अख्खी सायकल सुटी करून विकायची नाही.

अडचण अशी की हिशोब नेमका उलटा आहे. अख्खी सायकल घ्यायला एकच माणूस लागतो. त्याला तीच उंची हवी असते, तोच रंग, आणि घरात जागा. सुट्या भागांना गिऱ्हाइकं अनेक. अख्खी सायकल टेम्पोतून न्यावी लागते, हब बुटाच्या खोक्यात जातं. ब्रूक्सची चामड्याची सीट एकाला, हब दुसऱ्याला, बगळ्यांची नक्षी कापलेलं चेनव्हील तिसऱ्याला. उरलेलं भंगारात किलोवर. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली बीएसएची घडीची पॅराट्रूपर सायकलसुद्धा अख्खी उभी आहे. पण प्रत्येक सायकलीला असं छप्पर मिळत नाही.

*

वाईतला एक वाडा पाडायचा ठरला होता. जिन्याखाली रॅले आहे, असं कळलं. मी गेलो. सायकल अख्खी होती. चेनकव्हरसकट, पंपासकट. हबवर ५१.

वाड्यात निवृत्त शिक्षक होते, ऐंशी ओलांडलेले. सायकल त्यांच्या वडिलांची. सरांनी ती शाळेत न्यायला तीस वर्षं वापरली होती. गिअरची लिव्हर मधल्या गिअरवर सुतळीने घट्ट बांधलेली.

"हे का बांधलंय, सर?"

"अरे, तिसऱ्यात घातला की मध्येच निसटतो. पाय फुकट फिरतो आणि माणूस दांडीवर आदळतो. एकदा आदळलो, मग बांधून टाकला."

या हबची ती प्रसिद्ध खोड आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा अशी आहे की काहीच कशाला जोडलेलं नसतं. तार नीट जुळवलेली नसेल तर हब तिथे जाऊन बसतं. मधल्या गिअरमध्ये आतल्या सळईचं टोक ॲक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत यावं लागतं. उजव्या नटच्या भोकातून ते दिसतं. मी सुतळी सोडली, हबच्या छोट्या झाकणातून तेलाचे थेंब सोडले, तार जुळवली. सायकल उचलून पॅडल फिरवलं. पहिल्या गिअरमध्ये शांत, दुसऱ्यात टिकटिक, तिसऱ्यातही टिकटिक. असंच असायला हवं.

सर बघत होते. म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी उगीचच पाय मारले की!" आणि खूप हसले.

भाव ठरवायला सरांचा मुलगा आला. "तुम्ही काय देणार?"

मी माझा आकडा सांगितला. आणि हेही सांगितलं की भाग सुटे करून विकले तर याच्या दुप्पट येतील, आणि असं करणारे लोक आहेत. टोळीतल्या दोघांनी नंतर मला वेड्यात काढलं. जुन्या बाजारातल्या विक्रेत्याशी मी जीव तोडून घासाघीस करतो, कारण त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. इथे समोरच्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या अज्ञानातून स्वस्तात मिळालेल्या सायकलवर बसायला मला आवडलं नसतं, एवढंच.

मुलाने विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. त्याला भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरायचं होतं, वडिलांचं औषधपाणी होतं. दुप्पट पैसे मिळत असताना त्याने निम्मे का घ्यावेत, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. निघताना सरांनी एकच विचारलं, "चालवणार का रे कुणी?"

महिन्याभराने एका विक्रेत्याने मला एका हबचा फोटो पाठवला. ए.डब्ल्यू., ५१. सोबत लिव्हरही देतो म्हणाला. लिव्हरच्या मानेवरचं निकल सुतळीने घासून गेलं होतं.

मी ते घेतलं. आमचा नियम सायकल फोडायची नाही असा आहे. फुटलेल्या सायकलीचं काय करायचं, हे त्यात नाही. ते हब मी नाकारलं असतं तर सरांची सायकल परत जुळली नसती. ते कुणाच्या तरी काचेच्या कपाटात गेलं असतं, आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं झालं असतं. पण हेही खरं की माझ्यासारखे घेणारे आहेत म्हणूनच फोडणारे आहेत. या दोन्ही गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. मी दोन्हींसकट ती सायकल चालवतो.

काकाने ४० तारा विणून चाक बांधून दिलं. मी वाईला फोन केला. मुलाने फोन सरांकडे दिला. मी सांगितलं की हब माझ्याकडे आहे, आणि फिरतंय.

"तिसरा निसटतो का?"

"नाही, सर."

"मग उताराला वापर," सर म्हणाले. "माझा राहून गेला."

*

आता मी एक करतो. कुठला भाग कुठून आला, कुणी वापरला, कोणत्या साली मिळाला, हे एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सीटच्या नळीत सोडतो. फ्रेम: जुना बाजार. हब: वाई, सर, वडिलांपासून. क्रँक: दातांचे डॉक्टर, घंटीच्या बदल्यात. कप: २६ आटे, जबरदस्ती करू नये. टोळीतले आणखी चौघेजण आता असा कागद ठेवतात. एखादं हब हातातून हातात जातं तेव्हा त्याच्यासोबत त्याची ओळही जाते. त्याने सायकली फुटायच्या थांबलेल्या नाहीत. पण हब विकत घेणाऱ्याला ते कुणाच्या पायाखाली होतं हे आता निदान कळतं, आणि त्यातल्या काही जणांनी त्यावर विचारलं आहे, की ती अख्खी सायकल अजून कुठे आहे का.