अकरा फ्लॉप्या

आमच्या घरी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात अकरा फ्लॉप्या आहेत. प्रत्येकीवर अब्बांच्या हातची उर्दू चिठ्ठी चिकटवलेली आहे. कित्येक वर्षं त्या कुणालाच वाचता आल्या नाहीत. त्याला कारण मी आहे.

गोष्ट २००३ सालची. अब्बा दीपनगरच्या औष्णिक विद्युत केंद्रात नोकरीला होते आणि आम्ही कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मी बारा वर्षांची. त्या वर्षी अब्बांनी भुसावळहून एक जुना कॉम्प्युटर विकत आणला. तो त्यांना हवा होता दादीच्या गाण्यांसाठी. हळदीची, मेहंदीची, पोरीला सासरी पाठवतानाची गाणी दादीला तोंडपाठ होती. त्यांची बोली अर्धी दखनी, अर्धी अहिराणी. दादी पलंगावर बसून म्हणायची, अब्बा खाली मान घालून टाइप करायचे. उर्दूसाठी इनपेज हे सॉफ्टवेअर १९९४ साली आलं. त्याआधी मजकूर बहुतेक कातिब हाताने लिहून देत. आता कातिबाशिवाय आपली किताब निघणार, याचंच अब्बांना अप्रूप होतं.

घरच्या मशीनवर विंडोज वरचेवर बिघडायचं आणि नव्याने टाकावं लागायचं. त्यात सगळं पुसलं जाई. म्हणून अब्बा गाणी फ्लॉपीवरच ठेवत. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. आज मोबाईलचा एक फोटोही त्यात बसत नाही.

पहिली फ्लॉपी घेऊन अब्बा एसटीने धुळ्यामार्गे मालेगावला गेले. तिथल्या छापखान्यात फ्लॉपी घातली, तर मशीन म्हणालं, ही फॉरमॅट केलेलीच नाही, करू का? अब्बा रिकाम्या हाताने परतले. घरी घातली तर सगळी गाणी जागच्या जागी! "घर पे खुलता, वहाँ नहीं खुलता," अब्बा डोक्याला हात लावून म्हणाले.

मग तर्क सुरू झाले. कुणी म्हणालं, केंद्राची राख उडते, ती आत जात असेल. कुणी म्हणालं, उच्च दाबाच्या तारांखालून नेली म्हणून पुसली गेली. पण पुसली असती तर घरी कशी उघडली असती? तरी पुढच्या खेपेला अम्मीने फ्लॉपी प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवली. तिसऱ्या खेपेला अब्बांनी एकच गाणं तीन फ्लॉप्यांवर नेलं. तिन्ही नापास. दर वेळी अब्बा घरी येऊन पहिलं काम तेच करायचे. फ्लॉपी घालायची, गाणं उघडायचं आणि म्हणायचं, "देखो, बराबर तो है."

२००४च्या हिवाळ्यात दादी अल्लाहला प्यारी झाली. किताब राहूनच गेली.

पुढच्या उन्हाळ्यात भुसावळचा एक मेकॅनिक घरी आला. अब्बा ड्यूटीवर होते. त्याने आपल्या पिशवीतली फ्लॉपी आमच्या मशीनमध्ये घातली; ती वाचली गेली नाही. आमची उघडली. तो हसला आणि त्याने मला समजावलं. फ्लॉपीच्या चकतीच्या एका बाजूला ऐंशी गोल वाटा असतात. दोन वाटांमधलं अंतर एक पंचमांश मिलिमीटरहूनही जरा कमी. आमच्या ड्राइव्हचं हेड वाटेवरून सरकलं होतं. ते चुकीच्या जागी लिहायचं आणि वाचायचंही त्याच चुकीच्या जागी. म्हणून त्याला स्वतःचं सगळं बरोबर दिसे. खूण तर आमच्या समोरच होती. पाकिटावर फॉरमॅट केलेली असं छापलेलं असूनही नवी फ्लॉपी आमच्याकडे पुन्हा फॉरमॅट करावी लागे. आम्हाला वाटायचं, असंच असतं.

"ड्राइव्ह बदलतो. फ्लॉपीवरचं सगळं आत कॉपी केलंय ना?" त्याने विचारलं. मी शाळेत कॉम्प्युटर शिकत होते. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. मी हो म्हणाले.

संध्याकाळी अब्बांनी अकराही फ्लॉप्या एकेक करून नव्या ड्राइव्हमध्ये घातल्या. एकही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी ते मेकॅनिककडे गेले, तोवर जुना ड्राइव्ह भंगारात गेला होता. मी रडत होते. अब्बा रागावले नाहीत. म्हणाले, "तेरी अकेली की गलती नहीं बेटी. मैं भी तो हर बार घर आके उसी मशीन से पूछता था."

आता मी उर्दू शाळेत शिकवते. सोनीने २०११ साली फ्लॉपी विकणं थांबवलं. अब्बा २०१९ साली गेले. मध्यंतरी कळलं की जुन्या ड्राइव्हचे स्क्रू ढिले करून हेड थोडं थोडं सरकवत गेलं, तर अशा फ्लॉप्या कधीकधी वाचता येतात. भुसावळच्या एका मुलाने खूप खटपट केली. दहा मुक्या राहिल्या. एक उघडली. त्यात गाणी नव्हती. किताब कुणाकुणाला द्यायची, ती यादी होती. निम्मी नावं कॉलनीतल्या शेजाऱ्यांची, अब्बांच्या पाळीतल्या सोबत्यांची. त्यांच्यापुढे अब्बांनी लिहून ठेवलं होतं, "इन के लिए नागरी में."

अब्बांना तेव्हाच ठाऊक होतं की घरची गाणी फक्त घरच्यांनाच वाचता आली, तर ती टिकणार नाहीत. मला ते कळायला इतकी वर्षं लागली.

अम्मी, फुफी आणि मी मिळून आठवून आठवून नऊ गाणी जमवली. उर्दूत लिहिली आणि देवनागरीतही. लिहून झाल्यावर मला ती अगदी बरोबर वाटली. तरी वही घेऊन मी शेजारच्या पाटीलकाकूंकडे गेले आणि म्हटलं, तुम्ही वाचा, मी ऐकते. काकू दोन ठिकाणी अडखळल्या. तिथे मी पेन्सिलीने खूण केली.